मासे पाळायचे म्हणजे पाणी पाळायचे

शाळेच्या परीक्षा संपल्या की आपल्या लांजीतील पुष्कळ घरांतून एक हट्ट सुरू होतो. आमगाव किंवा गोंदियाच्या बाजाराला गेलेले वडील येताना प्लास्टिकच्या पिशवीत दोन सोनेरी मासे घेऊन येतात. सोबत काचेचे एक गोल भांडे, मूठभर रंगीत खडे आणि खाद्याची डबी. पहिला दिवस कौतुकात जातो. शेजारची पोरे पाहायला येतात, जो येतो तो चिमूटभर खाद्य टाकतो. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून भपभप श्वास घेऊ लागतात आणि पाचव्या दिवशी सकाळी एक मासा उताणा तरंगताना दिसतो. मुले रडतात. आई समजूत घालते, "जाऊ दे बाळा, त्याचे आयुष्यच तेवढे होते."

वाचकहो, हे खरे नव्हे. सोनमासा नीट सांभाळला तर दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. तो पाच दिवसांत मेला तो आयुष्य संपले म्हणून नव्हे, तर आपण त्याला ज्या पाण्यात ठेवले त्या पाण्यानेच त्याला मारले म्हणून. मासे पाळणे म्हणजे खरे पाहता पाणी पाळणे आहे. पाणी निरोगी राहिले तर मासे आपोआप राहतात. आणि ज्या शेतकऱ्याला माती कळते त्याला हे पाणी समजायला मुळीच कठीण नाही.

पाण्यात काय घडते?

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या शरीरातील नत्राची घाण मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर पडते. न खाल्लेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. हा अमोनिया माशांना विष आहे. नदीत किंवा मोठ्या तलावात तो पसरून जातो. चार लिटरच्या गोल भांड्यात तो जाणार कुठे?

आता युरियाची आठवण करा. वावरात टाकलेला युरिया प्रथम अमोनियाच्या रूपात येतो. मग मातीतील जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे नायट्रेट पिकाची मुळे शोषून घेतात. टाकीतही हाच क्रम चालतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि कल्ले हलत असूनही प्राणवायू शरीरात पोचत नाही. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते थोडे साचले तरी माशांना फारसा त्रास होत नाही आणि पाण्यातील वनस्पती ते खतासारखे वापरतात.

हे उपकारक जिवाणू आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते खड्यांवर, काचेवर आणि विशेषतः फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात. नव्या टाकीत ते नसतात. त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी मासे सोडणे म्हणजे नांगरट नाही, चिखलणी नाही, आणि एकदम रोवणी करणे होय. धानाचे पऱ्हे तयार व्हायला आपण तीन-चार आठवडे धीर धरतो. तोच धीर येथे हवा.

टाकी कशी असावी?

गोल भांडे दिसायला सुंदर, पण माशांसाठी वाईट. त्याचे तोंड लहान असल्यामुळे हवा पाण्यात कमी मिसळते, आणि पाणी थोडे असल्यामुळे ते लवकर तापते व लवकर नासते. लहान टाकी सांभाळायला सोपी असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. पाणी जितके जास्त तितकी चूक पचते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी नवशिक्याला योग्य. तिच्यात काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. वरची दोन इंच जागा सोडली तर सुमारे ४७ लिटर. म्हणजे काच, खडे व पाणी मिळून वजन ६० किलोच्या आसपास जाते. तेव्हा डगमगणाऱ्या टेबलावर टाकी ठेवू नये. थेट ऊन येईल अशा खिडकीजवळही नको. तेथे पाणी तापते आणि शेवाळ माजते. स्वयंपाकघरही टाळावे.

हवेचा एक लहान पंप आणि त्याला जोडलेला स्पंजाचा फिल्टर एवढे सामान पुरते. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, म्हणजे वीज गेली तर नळीतून पाणी उलटे येत नाही. विजेची वायर सॉकेटकडे जाताना खाली झोका घेऊन मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी सॉकेटात न शिरता खाली ठिबकते. टाकीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

पाण्याची मशागत

टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. असे चार ते सहा आठवडे करावे. कोणाकडे जुनी, निरोगी टाकी चालू असेल तर तिच्या फिल्टरमधील स्पंजाचा तुकडा मागून आणावा. दह्याला विरजण लावतात तसेच हे आहे. काम बरेच लवकर होते. पाणी तपासण्याच्या पट्ट्या मत्स्यसामानाच्या दुकानात मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की टाकी तयार झाली असे समजावे.

पाणी कोणते घ्यावे? विहिरीचे पाणी बहुधा चांगले. पण पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, त्यानंतरचे दोन-तीन दिवस ते पाणी टाकीत घालू नये. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असते. ते माशांचे कल्ले जाळते आणि उपकारक जिवाणूंनाही मारते. असे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून मगच वापरावे. बोअरचे पाणी रात्रभर ठेवल्यावर तांबूस झाले तर त्यात लोह आहे. ते निवळून वरचे घ्यावे. गुंडातले पिण्याचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते माशांना चालेलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

टाकीत थोड्या जलवनस्पती अवश्य असाव्यात. बोडीतील हायड्रिला चालते; मात्र ती आणली की लाल दव्याच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे ठेवून धुवावी, नाहीतर सोबत जळवा आणि किडे येतात.

किती मासे आणि कोणते?

सुमारे ४७ लिटरच्या टाकीत आठ-दहा लहान मासे पुरे. गप्पी, मोली किंवा पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा मासा हे काटक आहेत. झेब्रा मासा तर आपल्याच देशाचा. गंगेच्या खोऱ्यातील संथ पाण्यात आणि धानाच्या बांध्यांत तो सापडतो. आज जगभरच्या प्रयोगशाळांत शास्त्रज्ञ त्याच्यावर अभ्यास करतात. सोनमासा मात्र नवशिक्याने घेऊ नये. तो वीतभर वाढतो, खूप खातो आणि खूप घाण करतो. त्याला याहून पुष्कळ मोठी टाकी हवी.

गप्पी घेतल्यास शक्यतो फक्त नर घ्यावेत. रंगीत शेपटीचे ते नर. मादी साधारण दर महिन्याला जिवंत पिल्ले देते आणि वर्षाच्या आत टाकी अपुरी पडते. त्यातून पुढे कोणता प्रश्न उभा राहतो ते शेवटी सांगतो.

नवे मासे आणल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान सारखे होते. मग टाकीतील थोडे थोडे पाणी पिशवीत घालावे आणि शेवटी जाळीने मासे काढून टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. सगळे मासे एकाच दिवशी न आणता दोन-तीन आणून दोन आठवडे थांबावे.

खाद्य आणि आठवड्याची कामे

उपासमारीने मेलेले मासे थोडे. अति खाद्याने मेलेले फार. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा द्यावे. घरात एकाच माणसाकडे हे काम असावे, नाहीतर आजोबा सकाळी, ताई दुपारी आणि धाकटा संध्याकाळी, अशी माशांची मेजवानी चालते. आठवड्यातून एक दिवस खाद्य दिले नाही तर त्यांना चांगलेच मानवते. शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो, त्या दिवशी माशांनीही उपवास केला तर घरातल्या मुलांना तो दिवस विसरणार नाही!

आठवड्यातून एकदा टाकीतील एकचतुर्थांश पाणी नळीने काढून तेवढेच मुरलेले पाणी घालावे. सगळे पाणी कधीही एकदम बदलू नये. पुष्कळ जण टाकी रिकामी करतात, खडे साबणाने घासतात, फिल्टर नळाखाली धुतात. टाकी लखलखीत होते आणि दोन दिवसांत मासे मरतात, कारण जिवाणूंची सारी वस्ती आपणच धुऊन टाकलेली असते. स्पंज फार घाण झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळावा. साबण तर टाकीच्या जवळही आणू नये. काढलेले पाणी फेकू नका. ते वांगी-टोमॅटोच्या रोपांना घाला. त्यात नायट्रेट असते, म्हणजे खतच.

उन्हाळ्याचे संकट

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांच्या पाण्यात सुमारे ७. उलट उष्णतेत माशाला प्राणवायू जास्त लागतो, आणि अमोनियाचे विषही अधिक तीव्र होते. म्हणून उन्हाळ्यात खाद्य कमी करावे, पंप रात्रंदिवस चालू ठेवावा, टाकीवरचे झाकण काढून जाळी घालावी आणि पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ द्यावा. बर्फ थेट टाकू नये. वीज गेली तर पेल्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा टाकीत ओतावे. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे हे केले तरी मासे तगतात.

बोडीत मासे वाढवणाऱ्यांना हे नवे नाही. ढगाळ हवेत, पहाटेच्या वेळी बोडीतले मासे वर येऊन तोंड उघडतात, कारण रात्रभर शेवाळाने प्राणवायू वापरलेला असतो. टाकी ही एक लहान बोडीच आहे.

शेतातले विष, घरातले विष

धानावर फवारणी करून आलेल्या माणसाने त्या दिवशी टाकीत हात घालू नये. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माणसाला सौम्य वाटली तरी माशांना फार जहाल आहेत. थेंबभरानेही टाकी साफ होते. डासांची कॉइल, फवारा आणि प्लगमध्ये लावायचे औषध यांतही याच घराण्यातली द्रव्ये असतात, आणि हवेचा पंप ती खोलीतून ओढून पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी वापरावी. आणि टाकीत थेंबभराने हे होते, तर फवारलेल्या बांधीचे पाणी बोडीत सोडल्यावर काय होत असेल याचा विचार प्रत्येक शेतकऱ्याने करावा.

आजार आणि आरोग्य

माशाच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि तो खड्यांवर अंग घासू लागला तर तो परोपजीवीचा रोग आहे. दर दहा लिटर पाण्याला २० ग्रॅम खडे मीठ पाण्यात विरघळवून, दोन दिवसांत तीन हप्त्यांनी घालावे आणि दहा दिवस ठेवावे. मग पाणी बदलत बदलत मीठ कमी करावे. काही वनस्पती याने पिवळ्या पडतील. माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकीत टाकू नये. ती उपकारक जिवाणूंनाही मारू शकते.

आपल्या आरोग्यासाठी दोन गोष्टी. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये, कारण पाण्यातील एका जिवाणूने कातडीवर लवकर बरी न होणारी गाठ येऊ शकते. टाकीचे काम झाले की हात साबणाने धुवावेत. दुसरे, मासे मेल्यावर पाण्याने भरलेली टाकी तशीच कोपऱ्यात ठेवू नये. डेंग्यूचा डास अशाच घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. टाकी नको असेल तर कोरडी करून पालथी ठेवा. अंगणातील सिमेंटच्या टाक्यात मात्र चार गप्पी सोडले तर ते डासांच्या अळ्या खातात.

समुद्राची टाकी?

हल्ली मुले मोबाइलवर समुद्राच्या पाण्याच्या टाक्या पाहतात. त्यांत फुलांसारखे डुलणारे मऊ प्रवाळ असतात आणि "आपणही करू" असा हट्ट निघतो. मऊ प्रवाळ ही वनस्पती नव्हे, प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि उजेडावर अन्न तयार करून त्याला देते. त्याला लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले पाणी, तेजस्वी दिवे, सतत वाहता प्रवाह आणि २५ अंशांच्या आसपास स्थिर तापमान लागते. पाणी फार तापत राहिले की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी पाणी गार करणारे यंत्र अहोरात्र चालवावे लागेल. शिवाय समुद्रातून प्रवाळ काढण्याने तेथील वस्ती उजाड होते. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना तर आपल्या देशात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघासारखेच संरक्षण दिले आहे. नियम तोच, पाणी आधी. पण समुद्राचे पाणी चूक माफ करीत नाही. ज्याला गोड्या पाण्याची टाकी दोन वर्षे राखता आली नाही त्याने तिकडे वळू नये.

टाकीतले टाकीतच राहू द्या

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मासे फार झाले, मोठे झाले किंवा कंटाळा आला की आपण काय करतो? दया येते, मारवत नाही. म्हणून जवळच्या बोडीत किंवा बाघ नदीत सोडून देतो आणि पुण्य केल्याचे समाधान मानतो. ही दया नव्हे.

दुकानात "टाकी साफ करणारा" म्हणून एक काळसर, खडबडीत मासा मिळतो. तो दक्षिण अमेरिकेचा. बोटाएवढा घेतलेला हा मासा हातभर वाढतो. तलावात गेला की काठात बिळे करतो, दुसऱ्या माशांचे अन्न खातो, आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेत सापडला तेव्हा मोठी चर्चा झाली. तो तेथे पोहत आला नाही, माणसांनीच सोडला. आफ्रिकेचा मागूर, ज्याला थाई मागूर म्हणतात, त्याच्यावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, कारण तो आपले देशी मासे फस्त करतो. बोड्या झाकून टाकणारी जलकुंभीसुद्धा एके काळी सुंदर फुलांसाठी आणलेली होती.

रोगही असेच जातात. १९८८ साली ईशान्य भारतात शिरलेला माशांच्या अंगावर व्रण पाडणारा रोग पुढे देशभर पसरला आणि मरळसारखे मासे तलावच्या तलाव मेले. आजारी टाकीतले बादलीभर पाणी बोडीत ओतताना हे आठवावे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील तलाव आणि बोड्या ही आपल्या पूर्वजांची ठेव आहे. त्यांच्यावर धान पिकतो आणि ढीमर बांधवांच्या चुली पेटतात. रोहू, कतला, मरळ आणि सिंगी हे त्यांचे वावर आहे. आपल्या घरातल्या दोन फुटी टाकीची हौस त्यांच्या ताटातला घास काढून घेत असेल, तर ती हौस नव्हे, अपराध आहे. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. मेलेला मासा झाडाच्या मुळाशी पुरा. टाकीचे पाणी मातीत ओता. नाल्यात किंवा बोडीत नव्हे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या जतनावर "लाउदातो सी" हे परिपत्रक लिहिले, त्यात पाण्यासाठी स्वतंत्र भाग दिला आहे. देवाने माणसाच्या हाती सृष्टी सोपवली ती राखण्यासाठी. ती राखण एका मुलाला शिकवायची असेल तर काचेच्या टाकीसारखी शाळा नाही. चार-सहा आठवडे तो रिकाम्या पाण्याकडे पाहत थांबेल, आपल्याला न दिसणाऱ्या जिवांसाठी. मग पहिला मासा सोडील आणि तो जगेल.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. गोल भांडे नको. ४०-५० लिटरची टाकी घ्या.
२. मासे सोडण्यापूर्वी चार ते सहा आठवडे पाणी तयार होऊ द्या.
३. नळाचे पाणी २४ तास उघडे ठेवून वापरा. ब्लीचिंग टाकलेल्या विहिरीचे दोन-तीन दिवस नको.
४. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच; देणारा एकच.
५. आठवड्याला एकचतुर्थांश पाणी बदला. स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा.
६. फवारणीचे हात आणि डासांची औषधे टाकीपासून दूर ठेवा.
७. टाकीतला मासा, वनस्पती किंवा पाणी बोडीत, तलावात वा नदीत कधीही सोडू नका.